हललेले तारे

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. एकदा राशीला बसला की हलायचं नाव घेत नाही. आमच्या घरात मात्र ग्रह उलटे फिरतात. इथे जावई आपल्या दुकानात मुकाट्याने लोकांच्या डोक्यावर कात्री चालवतो, आणि राशीला बसल्यात त्या सासूबाई. दुकानामागच्या परसात, जिथे माझ्या टॉवेलांच्या दोऱ्या होत्या बरोब्बर तिथेच, त्यांनी आल्या आल्या आपली दुर्बीण रोवली. तेव्हापासून आमचे टॉवेल गल्लीकडे तोंड करून वाळतात आणि रोज एक तरी उडून बेकरीच्या छपरावर जातो.

मी तापट माणूस आहे. हे मी सांगायला नको, गल्लीत कोणालाही विचारा. पण हातात वस्तरा असताना चिडायचं नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे दिवसभराचा राग मी संध्याकाळसाठी राखून ठेवतो. सासूबाईंचं काम नेमकं संध्याकाळीच सुरू होतं.

त्या धूमकेतूंचे फोटो काढतात. सगळी हयात त्यांनी एका इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. खिडकी नाही, ऊन नाही, नुसतं "श्वास घ्या, धरा, सोडा". निवृत्त झाल्यावर त्यांना आकाश हवंसं झालं. तीन वर्षांपूर्वी सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा कपड्यांची एक बॅग होती आणि दुर्बिणीची तीन खोकी. इतर हौशी लोक चंद्र बघतात, शनीचं कडं बघतात. आमच्या बाईंना त्यात गोडी नाही. चंद्र काय, रोजचाच आहे, म्हणतात. धूमकेतू पेशंटसारखा असतो, आला की त्याच वेळी काढायचा, पुन्हा येईल याची खात्री नाही.

हे त्या सांगायच्या ते बायकोला. मी कधी काही विचारलं नाही. विचारलं की ऐकावं लागतं.

तरी त्या कामाचा त्रास मात्र मला न विचारता मिळायचा. संध्याकाळी गारवा पडला की दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. ते पुसायचं नसतं, वाळवायचं असतं, आणि त्यासाठी जगात एकच वस्तू चालते, ती म्हणजे माझा दुकानातला हेअर ड्रायर. मी एखाद्या बाईचे केस सुकवायला हात मागे करावा तर ड्रायरच्या जागी नुसता खिळा. दुसरं म्हणजे दिवा. डोकी धुवायचं बेसिन मागच्या खोलीत आहे आणि तिची खिडकी परसात उघडते. धूमकेतू आला की त्या खोलीत दिवा लावायची बंदी. शेपूट आधीच फिकट, तुमच्या बल्बने ती पार धुतली जाते, असं खिडकीतून ऐकू यायचं. मग मी अंधारात डोकी धुवायचो. एकदा बेकरीवाल्याच्या कानात इतका शांपू गेला की तो दोन दिवस प्रत्येकाला दोनदा विचारून पाव देत होता.

मी ओरडायचो. त्याही ओरडायच्या. मग बायको दोघांना चहा द्यायची आणि भांडण तिथल्या तिथे संपायचं.

यंदाचा धूमकेतू तर ऐन गर्दीच्या वेळी दिसणारा निघाला. सूर्य बुडाला की पश्चिमेला, बेकरीच्या धुराड्याच्या जरा वर. पाच-सहा संध्याकाळी ढगांनी खाल्ल्या. एक दिवस आकाश लख्ख मिळालं, त्या दिवशी सासूबाई जेवायलासुद्धा आत आल्या नाहीत. नंतर बरेच दिवस त्या कॉम्प्युटरपुढे बसून होत्या. आणि एका सकाळी त्यांनी मोठा करून फ्रेम केलेला फोटो माझ्या हातात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी काढलेला एकही फोटो भिंतीवर लागला नव्हता. मनासारखा आला नाही म्हणून त्याच लावू द्यायच्या नाहीत. हा दुकानात लावा, म्हणाल्या. मी दोन आरशांच्या मधे लावला.

लावला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिला, तर माझं तोंड उतरलं. फोटो हललेला होता.

मधोमध एक हिरवट गोळा आणि त्यातून वर गेलेली बारीक शेपूट, तेवढं ठीक होतं. पण भोवतालचा एकही तारा ताऱ्यासारखा नव्हता. सगळे ओढले गेले होते. काळं कापड पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याचे पांढरे केस कापावेत आणि ते कापडावर पडावेत, तशा आखूड पांढऱ्या रेघा फोटोभर पसरल्या होत्या. मनात म्हटलं, झालं, बाईंचा हात थरथरायला लागला.

आता आली का पंचाईत. सांगणार कोण? मी कोणाचीही भीड ठेवत नाही. केस विरळ झालेत हे मी माणसाला तोंडावर सांगतो, आणि तोही बिचारा पैसे देऊन ऐकून घेतो. पण सासूबाई इतक्या खुशीत होत्या की माझी जीभ रेटली नाही. "छान आलाय, आई," मी म्हणालो. माझ्या तोंडून स्तुती ऐकून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि लाजल्या.

पुढे तर सगळ्या दुकानानेच ते धोरण धरलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, फोटो बघायचं, माझ्याकडे बघायचं, मी आरशातूनच भुवई उडवून "वय झालंय" असं खुणावायचो, की ते मोठ्याने म्हणायचं, वा, काय फोटो आहे. सासूबाई हल्ली दुपारी पेपर घेऊन दुकानातल्या बाकावर येऊन बसायच्या. पेपरचं पान काही उलटायचं नाही. बेकरीवाला तर इतका वाहवत गेला की, हा फोटो एखाद्या प्रदर्शनात पाठवायला पाहिजे, असंही म्हणाला. मी त्याच्या मानेला जरा जोरात ब्रश मारला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी मेहुणा आला.

मेहुणा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सरकारी लिफ्ट-तपासनीस आहे. माणूस लाखात एक, पण जिथे जाईल तिथे वस्तू हलवून बघतो. माझ्या खुर्चीत बसायच्या आधी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवतो. दुसऱ्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो आणि समोरचा, मागचा, बाजूचा सगळा शेजारही अकरा मजल्यांचाच आहे. आईला घेऊन जातो, असं तो दरवर्षी म्हणायचा आणि सासूबाई दरवर्षी म्हणायच्या, तुझ्याकडे आकाश कुठे आहे रे?

त्या दिवशी त्याने खुर्ची हलवली, बसला, आणि फोटोकडे बघत राहिला. हा आईने काढलाय का, असं त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली. हात हललाय का तिचा, त्याने विचारलं. "वय," मी म्हणालो. एवढा एकच शब्द मी बोललो, पण मेहुण्याला तेवढा पुरला.

तो उठून आत गेला. परसातली वायर त्याला पायात येण्यासारखी वाटली, पायरी निसरडी वाटली. सासूबाईंनी त्याला चहा आणून दिला तेव्हा बशीवर कप वाजला. आमची ती बशी बुडाला फुगीर आहे, तिच्यावर कोणाचाही कप वाजतो, पण हे सांगायला मी तिथे नव्हतो. बाहेर मी बेकरीवाल्याचं डोकं अर्ध्यावर आणलं होतं तेवढ्यात आतून मेहुण्याचा आवाज आला. आई, आता पुरे, आजच माझ्याबरोबर चल, तुझे हात थरथरतात, फोटोत स्वच्छ दिसतंय, भाऊजीसुद्धा तेच म्हणाले.

मग सासूबाईंच्या चपला दुकानाच्या दिशेने वाजल्या.

त्या सरळ फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग मेहुणा आणि बायको. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "हा फोटो हललाय?"

मी कात्री पुसायला घेतली. त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं. तो अर्धं डोकं कापलेल्या अवस्थेत कापडाखाली अडकलेला, पळणार कुठे? थोडासाच हललाय, पण या वयात एवढं म्हणजे खूपच, असं तो बोलून गेला. कधीपासून वाटतंय असं, त्यांनी विचारलं. लावल्यापासून सगळ्यांनाच, बेकरीवाला म्हणाला. घाबरलेला माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मला जवळ बोलावलं. धूमकेतूच्या डोक्यावर बोट ठेवलं. "हा हललाय का? नीट बघा."

मी नाक लावून पाहिलं. खरं सांगायचं तर तो फोटो मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. हिरव्या गोळ्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता, आणि तो इतका रेखीव होता की त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"आता या रेघा. सगळ्या सारख्या लांबीच्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. थरथरणारा हात इतक्या शिस्तीत थरथरतो का? आणि हात हलला असता तर धूमकेतू तेवढा कसा सुटला असता?"

मेहुणा म्हणाला की हातात कॅमेरा धरल्यावर थोडं इकडेतिकडे व्हायचंच. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपली शाळा आठवली असावी. कॅमेरा दुर्बिणीला स्क्रूने आवळलेला असतो, बटण वायरला असतं, आणि दुर्बिणीखालचं स्टँड मोटरवर आकाशाबरोबर आपोआप सरकतं. फोटो निघत असताना मी कशाला बोटसुद्धा लावत नाही, असं त्यांनी ऐकवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. धूमकेतू इतका फिकट असतो की एका फोटोत शेपूट उमटत नाही. म्हणून तासभर फोटोमागून फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर ते एकावर एक ठेवायचे, म्हणजे सगळ्यांचा उजेड मिळून शेपूट दिसते. पण त्या तासाभरात धूमकेतू ताऱ्यांमधून थोडा पुढे गेलेला असतो. तारे एकावर एक जुळवले तर धूमकेतू फिसकटतो. धूमकेतू जुळवला तर तारे ओढले जातात. दोघंही स्थिर राहतील असं होत नाही, कोणा एकालाच धरावं लागतं. "मी धूमकेतूला धरलं," त्या म्हणाल्या. "तेच तर अवघड असतं."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. लहान पोरं खुर्चीत बसली की मान स्थिर ठेवत नाहीत. नवशिका न्हावी त्यांची मान आवळून धरतो आणि पोरगं भोकाड पसरतं. मुरलेला न्हावी काय करतो, तर पोराच्या डोक्याबरोबर स्वतः फिरतो. कोणी त्या वेळी माझ्या कात्रीच्या जागेवरून बघेल तर त्याला आरसा, खिडकी, पोराची आई, सगळं गरागरा फिरताना दिसेल. पण केस सरळ कापले जातात. मी हे बोलून दाखवलं.

"तेच," सासूबाई म्हणाल्या. "तीन वर्षांत एकदा विचारलं असतंत, तर तेव्हाच कळलं असतं."

इथे सगळ्यांनी हसून विषय संपवायला हवा होता. मी हसायला सुरुवातही केली होती. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्या बाकावर बसल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. तो आवाज मला ओळखीचा नव्हता.

"चूक कोणाचीही होते. पण तुम्ही सगळे मिळून छान, छान म्हणत होतात. आणि मी इथे बसून रोज ते ऐकत होते. जिथे लोक आपल्याला खरं सांगायला कचरतात ना, तिथे आपण म्हातारे झालेलो असतो. हा माझा पोरगा निदान तोंडावर तरी बोलला." मग मेहुण्याला म्हणाल्या, "चल. येते मी."

आणि त्या बॅग भरायला आत गेल्या.

मेहुण्याला वाद जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो गोंधळून उभा होता. ज्या कारणासाठी आईला न्यायला निघाला होता ते कारणच उरलं नव्हतं, आणि आई तर निघाली होती. पण मुलाने आईला चल म्हटल्यावर आता नको असं कसं म्हणायचं? शिवाय कप वाजला होता, पायरी निसरडी होती. तो गाडीची डिकी उघडायला गेला.

बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती माझ्यावर कधी ओरडत नाही, गप्प राहून बघते, आणि ते फार वाईट. "अहो, काहीतरी बोला तुम्ही," ती म्हणाली. मी म्हटलं, मी काय बोलू, त्यांची मुलगी तू. ती म्हणाली की माझं बोलून झालंय, आई म्हणते तू तर मुलगीच आहेस, तू राहा म्हणणारच.

तेव्हा मला कळलं की प्रश्न माझाच आहे. आणि आणखी एक गोष्ट कळली, जी कळल्यावर मला माझाच राग आला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ड्रायर खिळ्यावर राहील, दिवा लागेल, टॉवेल परसात येतील. पण मला मुळीच तसं वाटत नव्हतं. तापट माणसाला घरात दुसरं एक तरी तापट माणूस लागतं. आपण ओरडलो की उलट ओरडणारं, आणि चहा येईपर्यंत विसरून जाणारं. बायकोच्या गप्प बसण्यावर माणूस किती दिवस काढेल? सासूबाई गेल्या तर या घरात मी एकटाच ओरडत राहणार होतो. सासूबाई मला हव्या होत्या, आणि हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

मी परसात गेलो. त्या दुर्बिणीचा कॅमेरा सोडवत होत्या. धूमकेतू अजून आठवडाभर तरी दिसणार होता. त्याच्यासाठी जी बाई जेवण सोडते ती तो अर्ध्यावर टाकून निघाली होती. राहा, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तोंडातून निघालं ते असं, "चला, टॉवेलांना जागा झाली."

हा विनोद होता. त्यांनी स्क्रू पिशवीत टाकले आणि पिशवीचं तोंड बांधलं.

मी परत दुकानात आलो. बेकरीवाल्याचं उरलेलं डोकं कसंबसं उरकलं. त्याने पैसे दिले, कपडे झटकले आणि परत बाकावर बसला. बेकरीत कोण आहे विचारलं तर म्हणाला, बायको आहे. असा खेळ सोडून पाव विकायला जाणाऱ्यातला तो नव्हे. बाहेर मेहुणा डिकीत बॅगा रचत होता, काढत होता, पुन्हा रचत होता.

शेवटी सासूबाई दुकानात आल्या. फोटो न्यायला आल्या होत्या. त्यांनी फ्रेमला हात घातला आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "आई, माझी दाढी करून द्या."

त्यांनी हात तसाच ठेवून मान वळवली. दारात मेहुणा आणि बायको उभे राहिले. मी खुर्चीत बसलो, कापड स्वतःच गळ्याशी बांधलं, ब्रश फिरवून तोंडाला फेस केला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि मूठ त्यांच्याकडे करून धरला.

"भाऊजी, अहो वस्तरा आहे तो," मेहुणा म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे, माझाच आहे.

सासूबाई फ्रेम सोडून जवळ आल्या. "कशाला? माझा हात तपासायचाय?"

"नाही. दाढी वाढलीय."

ते खरंच होतं. न्हाव्याची दाढी रविवारी नेहमीच वाढलेली असते. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि वस्तरा घेतला. मेहुणा पुढे झाला तर त्याला म्हणाल्या की तुझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं रोज मीच दाढी करत होते. तू सुट्टीला यायचास तेव्हा ते अंथरुणातसुद्धा गुळगुळीत दिसायचे, ते काय आपोआप? मेहुण्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बायकोला माहीत असावं, कारण ती दाराची चौकट धरून खाली बघत होती.

मी डोकं मागे टेकलं. आयुष्यभर या खुर्चीमागे उभा राहिलोय, पण दुसऱ्याच्या हातात वस्तरा देऊन तिच्यात बसण्याची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाइकांना एवढं भ्यायला होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी डाव्या अंगठ्याने गालाची कातडी ताणली आणि पहिला हात कानापासून खाली आणला. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेला, न दाबता, पात्याचं वजन पात्यालाच पेलू देत. पातं पुसलं, दुसरा हात. मी धंद्यातला माणूस आहे, दोन हातांत ओळखतो. या हाताला मी उद्या पगार देऊन ठेवला असता. डावा गाल झाला, हनुवटी झाली. बेकरीवाला बाकावरून पुढे वाकला होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग वस्तरा गळ्यावर आला. आणि ज्याला तीन वर्षं बोलता आलं नाही, परसात समोरासमोर असताना ज्याने टॉवेलांची गोष्ट काढली, त्या गाढवाला नेमकी तिथे बोलायची बुद्धी झाली.

"जाऊ नका," मी म्हणालो.

गळ्याची घाटी वर उडाली आणि पातं लागलं. चुरचुरलं, आणि आरशात पांढऱ्या फेसावर लाल ठिपका दिसला. मेहुणा ओरडला, बघितलंत, बघितलंत, हात हलला!

"हात नाही हलला," सासूबाई म्हणाल्या. "हे हलले." त्यांनी वस्तरा हातभर लांब धरला. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"काही नाही तर रक्त कशाला काढून घेतलंत? वस्तरा लांब आहे. आता बोला."

आरशात मी अर्धा फेसाने माखलेला, मागे त्या, आणि दारात सगळं घर. अशा अवस्थेत माणसाला अब्रू उरत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. "जाऊ नका म्हणालो," मी म्हटलं. "तुम्ही मला इथे हव्या आहात. दुर्बिणीसकट."

"दया म्हणून?"

"ज्याची दया येते त्याच्या हातात कोणी गळा देत नाही, आई. फोटो हललाय असं वाटलं तेव्हा मी खोटं बोललो, ते चुकलं. यापुढे जे वाटेल ते तोंडावर सांगेन. ओरडून सांगेन."

"ते जमेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही, पण माझे फेसामुळे, असं मी बेकरीवाल्याला नंतर सांगितलं.

त्यांनी फडताळातून तुरटीचा खडा घेतला, पाण्यात बुडवला आणि माझ्या गळ्यावर दाबून धरला. मेहुणा जवळ येऊन उभा राहिला. लिफ्टचा दोर तपासावा तसा तो बराच वेळ आईचा तो हात बघत होता. हात जिथे ठेवला होता तिथेच होता. मग त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, आईला काही न विचारता बाहेर गेला, आणि डिकी उघडल्याचा आवाज आला. बायको त्याच्या मागून बॅगा परत आत आणायला गेली.

रक्त थांबलं. सासूबाईंनी तुरटी ठेवली आणि माझी मान बोटाने डावीकडे वळवली.

"आता तोंड बंद," त्या म्हणाल्या. "हा गाल अजून व्हायचाय."